विद्यार्थी परिषदेचा कारभार उघडा ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

तिसरा बाक
कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेबद्दल बहुतेक मुलांना दोनच गोष्टी माहीत असतात: गॅदरिंग कधी आहे आणि टी-शर्टचा रंग कोणता. परिषदेत कोण आहे, ते तिथे कसे आले, बैठकीत काय ठरलं, फीच्या पावतीवर जिमखाना, विद्यार्थी कल्याण, नियतकालिक अशा नावांनी घेतलेल्या पैशाचं पुढे काय झालं, हे विचारलं की उत्तर येतं "ऑफिसात विचारा". ऑफिस म्हणतं "सरांना विचारा". सर म्हणतात "ते परिषदेकडे असतं".

मुलं उदासीन आहेत, असं जे सारखं ऐकवलं जातं ते मला पटत नाही. ठरवण्यासारखं काही त्यांच्यासमोर येतच नाही, मग रस कशात घ्यायचा?

तर प्रश्न असे. परिषदेने किमान काय काय जाहीर करावं? ते मागायला कायद्याचा आधार कोणता? आणि मुलं बैठकीला यावीत म्हणून खरोखर काय उपयोगी पडतं? "पारदर्शकता ही काळाची गरज" छाप प्रतिसाद नकोत. कोणता कागद, कोणी, कुठे, किती दिवसांत लावायचा, ते सांगा. डोळ्यासमोर महाराष्ट्रातलं साधारण १८०० मुलांचं अनुदानित कॉलेज ठेवा.

भोपळेराव
टी-शर्टचा रंग तरी कुठे माहीत असतो? तोही आदल्या दिवशी "उपलब्धतेनुसार" बदलतो.

कारकून
तीन कागद पुरतात: विषयपत्रिका, इतिवृत्त आणि हिशेब. बाकी सगळी सजावट.

विषयपत्रिका बैठकीच्या सात दिवस आधी फलकावर लागली पाहिजे. त्यात "विविध विषयांवर चर्चा" हा विषय नसावा. "क्रीडा साहित्य खरेदी, अंदाजे २२,००० रु., तीन दरपत्रके सोबत" हा विषय. आणि शेवटी जी ओळ असते, "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय", तिच्यावर विशेष नजर ठेवा. अडचणीचा प्रत्येक खर्च त्याच दारातून आत येतो. नियम एकच करा: ऐनवेळच्या विषयात चर्चा करता येईल, पण खर्चाला मंजुरी मिळणार नाही.

इतिवृत्तात "सविस्तर चर्चा झाली" हे वाक्य दिसलं की समजायचं, काही ठरलं नाही किंवा जे ठरलं ते सांगायचं नाही. प्रत्येक विषयाखाली ठराव, सूचक, अनुमोदक, बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती, काम कोणाकडे आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढं हवं. कोण काय म्हणालं याची गोष्ट लिहायची गरज नाही.

इथे एक नेहमीची चूक होते. पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम होईपर्यंत ते लावतच नाहीत. बैठका दोन-दोन महिन्यांनी होतात, म्हणजे जूनचा निर्णय मुलांना ऑगस्टमध्ये कळतो. त्यापेक्षा सात दिवसांत "कच्चे इतिवृत्त" असा शिक्का मारून लावा. दुरुस्ती झाली तर कायम झालेली प्रत त्याच्याशेजारी लावा. जुनी काढू नका, काय बदललं ते दिसू द्या.

हिशेबाबद्दल वेगळा प्रतिसाद देतो, तो विषय मोठा आहे.

सुतळी
फलकावर लावलेलं वाचतं कोण? तिथे अजून मागच्या वर्षीची स्कॉलरशिपची मुदत संपलेली नोटीस आहे. व्हॉट्सॲप ग्रुप करा, पीडीएफ टाका, विषय संपला.

रानजाई
सुतळी, ग्रुपची मर्यादा १०२४ जणांची. तुमचं कॉलेज १८००चं. म्हणजे पहिल्या दिवशीच ७७६ मुलं बाहेर. आणि ग्रुपवर टाकलेली पीडीएफ तीनशे "गुड मॉर्निंग"खाली गाडली जाते. ग्रुप सूचना द्यायला ठीक आहे, दप्तर ठेवायला नाही. कागदाची जागा कॉलेजच्या संकेतस्थळावर हवी. एक पान, आणि फाइलचं नाव वर्ष-महिना-विषय असं. म्हणजे दोन वर्षांनी शोधणाऱ्यालाही सापडतं.

दुसरा खड्डा म्हणजे सचिवाच्या स्वतःच्या जीमेल खात्यातला ड्राइव्ह फोल्डर. सचिव पास होऊन गेला, त्याने जागा रिकामी करायला फोल्डर उडवला, की परिषदेचा इतिहास गेला. संस्थेच्या नावाचं, पदाचं ईमेल खातं मागून घ्या आणि फोल्डरची मालकी त्या खात्याकडे ठेवा. इन्स्टाग्रामच्या पासवर्डचंही तेच. तो जर मागच्या सांस्कृतिक सचिवाच्या मैत्रिणीच्या फोनवर असेल, तर परिषदेकडे खातं नाही असंच धरायचं.

भोपळेराव
फलकाला कुलूप असतं, किल्ली शिपाईमामांकडे आणि मामा रजेवर. हा घटक कोणत्याही नियमावलीत नसतो.

अंशछेद
कायद्याच्या प्रश्नाला उत्तर देतो.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू आहे. त्याचं कलम ९९ विद्यार्थी परिषदेबद्दल आहे. अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी, राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी आणि वर्ग प्रतिनिधी अशी रचना त्यात दिली आहे. त्याआधी १९९४च्या कायद्याखाली गुणवत्तेवर नेमणूक होत असे, म्हणजे वर्गात पहिला आला तो प्रतिनिधी. नव्या कायद्याने निवडणुकीचा मार्ग उघडला, पण २०१९मध्ये जाहीर झालेलं वेळापत्रक विधानसभा निवडणुकीमुळे पुढे ढकललं गेलं आणि पाठोपाठ कोविड आला.

धागाकर्त्यांना सगळ्यात उपयोगी कलम मात्र ९७ आहे: महाविद्यालय विकास समिती. परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव या समितीचे सदस्य असतात. वर्षातून किमान चार बैठका घ्यायच्या असतात आणि कॉलेजचं अंदाजपत्रक या समितीपुढे येतं. म्हणजे पैशाच्या टेबलावर विद्यार्थ्यांची खुर्ची कायद्यानेच ठेवली आहे. तिथे बसणाऱ्याला अंदाजपत्रक वाचता येतं का, आणि तो परत येऊन मुलांना सांगतो का, हा खरा प्रश्न.

निवडणुकीपुरतं बघायचं तर लिंगडोह समिती, म्हणजे विद्यार्थी निवडणुका कशा घ्याव्यात हे सुचवणारी समिती. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह तिचे अध्यक्ष होते. अहवाल मे २००६मध्ये आला आणि सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ च्या आदेशाने त्या शिफारशी लागू केल्या. ठळक गोष्टी: उमेदवाराच्या खर्चाला ५,००० रु.ची मर्यादा, राजकीय पक्षाचा पैसा घ्यायचा नाही, छापील पोस्टर नाही, फक्त हाताने केलेली. अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळं १० दिवसांत. उमेदवाराला हजेरीची अट ७५ टक्के किंवा विद्यापीठाने ठरवलेली. पदाधिकारी म्हणून एकदाच उभं राहता येतं, कार्यकारिणी सदस्य म्हणून दोनदा.

लोक विसरतात ती अट पुढे आहे. निकालानंतर दोन आठवड्यांत उमेदवाराने तपासलेला पूर्ण हिशेब द्यायचा आणि कॉलेजने तो दोन दिवसांत प्रसिद्ध करायचा. मर्यादा ओलांडली तर निवड रद्द होऊ शकते.

गोमू
५,००० रुपये २००६चे आहेत. आज त्यात काय येतं? मर्यादा इतकी जुनी की प्रत्येक जण खोटा हिशेब देतो. नियमच खोटं बोलायला शिकवतो.

अंशछेद
गोमू, अर्धं मान्य. रक्कम कमी आहे. पण छापील साहित्याला बंदी, वाहनांना बंदी, ध्वनिक्षेपकाला बंदी असताना कायदेशीर खर्च उरतो कशावर? ड्रॉइंग पेपर, रंग, झेरॉक्स. खर्च फुगतो तो पार्ट्यांवर, आणि मर्यादा वाढवून तो कागदावर येणार नाही.

निंबोणी
मला एक मुद्दा मुळातच पटत नाही. निवडणूक म्हणजे पारदर्शकता हे समीकरण कोणी मांडलं? निवडून आलेली परिषद हिशेब दाबते आणि नेमलेली परिषद तो भिंतीवर लावते, दोन्ही शक्य आहे. निवडणुका थांबल्या त्या मारामाऱ्या, पैसा आणि बाहेरच्या पुढाऱ्यांमुळे. ते परत आणायचं आणि वर त्याला सहभाग म्हणायचं?

लिंगडोह समितीनेही सरसकट थेट निवडणूक सांगितलेली नाही. मोठ्या, पसरलेल्या विद्यापीठांसाठी आधी प्रतिनिधी आणि मग त्यांच्यातून पदाधिकारी अशी अप्रत्यक्ष पद्धत सुचवली आहे. जिथे वातावरण बरं नाही तिथे काही काळ नेमणूकही चालेल असं म्हटलं आहे.

अंशछेद
काही काळ, हे दोन शब्द महत्त्वाचे. त्यांनी पाच वर्षांच्या आत निवडणुकीकडे जायला सांगितलं होतं. आपण वर्षानुवर्षं 'काही काळ' म्हणत बसलो.

पण हिशेबाचा मुद्दा निवडणुकीशी बांधू नये, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. निवडणूक होईल तेव्हा होईल, व्हाउचर आज लावता येतं.

रानजाई
गुणवत्तेवर नेमण्यात एक वेगळीच गंमत. वर्गात पहिल्या आलेल्या मुलीला परिषद नको असते, तिला पुढच्या परीक्षेचा अभ्यास करायचा असतो. ती सही करते, बैठकीला येत नाही, गणपूर्ती (कोरम) होत नाही आणि कारभार दोन जणांच्या हातात जातो. कोणी वाईट नसूनही बंद दाराआडचा कारभार तयार होतो.

कारकून
आता हिशेब.

दर महिन्याला एक पान. वर सुरुवातीची शिल्लक, मग जमा, मग खर्च, खाली अखेरची शिल्लक. आणि त्याखाली दोन ओळी, ज्या कोणी लिहीत नाही: "देणे बाकी" आणि "अग्रिम बाकी".

अग्रिमात, म्हणजे कामाआधी दिलेल्या उचलीत, घोळ कसा होतो ते बघा. समजा गॅदरिंगसाठी ४०,००० उचल घेतली. किर्दीत (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) त्या दिवशी "गॅदरिंग खर्च ४०,०००" लिहिलं, चूक इथेच झाली. उचल म्हणजे खर्च नव्हे. पुढे बिलं आली ३१,५०० ची. उरलेले ८,५०० परत भरायचे असतात, पण कागदावर खर्च आधीच ४०,००० पडलेला, म्हणून कोणाला फरक दिसतच नाही. चोरी असतेच असं नाही, पुष्कळदा पैसे कोणाच्या तरी कपाटात पाकिटात पडून असतात. म्हणून अग्रिम वेगळ्या रकान्यात लिहायचा, १५ दिवसांत बिलं लावून मिटवायचा, आणि जुना मिटल्याशिवाय त्याच माणसाला नवा द्यायचा नाही.

जमेच्या बाजूला फीच्या शीर्षांचा, म्हणजे जिमखाना, नियतकालिक अशा नावांचा, तक्ता हवा. १८०० मुलं आणि एका शीर्षाखाली प्रत्येकी २०० रु. धरले तर ३,६०,००० होतात. पण काही शीर्षांतला वाटा विद्यापीठाकडे वर्ग करावा लागतो. म्हणून तीन रकाने: गोळा झाले, वर्ग केले, कॉलेजकडे राहिले. हा तक्ता नसला की मुलं ३,६०,००० चा हिशेब मागतात, परिषद त्याहून कमी रकमेचा देते आणि दोन्ही बाजू एकमेकांना खोटं ठरवतात.

खर्चाच्या बाजूला "सजावट ३५,०००" अशी एक ओळ चालणार नाही. मंडप किती फूट, दर काय, किती दिवस, वाहतूक वेगळी का. दरपत्रकं तीन हवीत आणि ती तीन वेगळ्या लोकांची हवीत. तिन्हींत एकाच शब्दाची तीच शुद्धलेखनाची चूक असेल तर ती एकाच संगणकावर टाइप झाली आहेत.

आणि जडवस्तू नोंदवही, जिला सगळे डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात. माइक, स्टँड, कॅरम बोर्ड, बॅनरच्या चौकटी. वर्षाअखेर प्रत्यक्ष मोजणी करून सही. नाहीतर दरवर्षी नवा माइक घेतला जातो आणि जुना "दुरुस्तीला दिला आहे".

सुतळी
"दुरुस्तीला दिला आहे" 😂 तो माइक आतापर्यंत डॉक्टरेट करून आला असता.

गोमू
कारकून, एवढं सगळं लावलं तर उद्या चहाच्या पावतीवरून भांडणं होतील. "स्वयंसेवकांना ६२ चहा का, होते तर ४०!" परिषदेत काम करणारी मुलंही विद्यार्थीच आहेत, फुकट राबतात. प्रत्येक रुपयाला उलटतपासणी लावली तर पुढच्या वर्षी कोणी अर्जच भरणार नाही.

कारकून
रास्त आहे. म्हणून किरकोळ खर्चाची मर्यादा आधीच ठरवतात. उदाहरणार्थ ५०० रु.पर्यंतची पावती एका किरकोळ खर्चाच्या वहीत, आणि जाहीर पानावर त्या सगळ्यांची मिळून एकच बेरीज. ज्याला बघायचं त्याने ऑफिसात येऊन वही बघावी. भांडण होतं ते काही दिसत नाही म्हणून. ६२ चहाची पावती समोर असली की माणूस एकदा हसतो आणि पुढे जातो.

काय झाकायचं हेही सांगतो: दुकानदाराचा खाते क्रमांक, मुलांचे मोबाइल नंबर, बक्षिसाच्या पावत्यांवरचे बँक तपशील. काळी पट्टी मारून मग स्कॅन करायचं. पीडीएफवर काळा चौकोन नुसता ठेवू नका, तो हलवला की खालचं दिसतं. प्रिंटवर पट्टी मारा आणि पुन्हा स्कॅन करा.

निंबोणी
प्रायोजकांच्या पैशाबद्दल कोणी बोललं नाही. फेस्टिव्हलची अर्धी रक्कम तिथून येते आणि ती कित्येकदा खजिनदाराच्या स्वतःच्या यूपीआयवर येते. सोय म्हणून. मग पावती नाही, किर्दीत नोंद नाही, आणि त्या मुलाच्या बँक खात्यात लाखभर रुपये येऊन गेल्याची नोंद कायमची. हिशेब चोख असला तरी सिद्ध करता येत नाही. कॉलेजच्या खात्याचा क्यूआर कोड, त्यावरच पैसे, आणि प्रत्येक प्रायोजकाला छापील क्रमांकाची पावती. वस्तुरूपाने आलेलंही लिहायचं: २०० पाण्याच्या बाटल्या, ५० टोप्या, कोणाकडून, कोणाला वाटल्या.

कारकून
शंभर टक्के. पावतीपुस्तकं किती दिली, किती परत आली, कोरी पानं किती, हेही बघा. रद्द केलेली पावती फाडून टाकायची नाही, दोन्ही प्रती पुस्तकातच ठेवून "रद्द" लिहायचं.

तिसरा बाक
उत्तम चाललंय. समजा परिषद आणि ऑफिस दोघंही कागद देत नाहीत. मग?

अंशछेद
आधी साधा लेखी अर्ज. दोन प्रती, एकीवर पोच घ्यायची. बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं, कारण लेखी अर्ज आवक रजिस्टरला चढतो.

नाही झालं तर माहितीचा अधिकार. अनुदानित कॉलेज हे सार्वजनिक प्राधिकरणात मोडतं. सर्वोच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१९ला डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात सांगितलं आहे की सरकारकडून मोठ्या प्रमाणात वित्तपुरवठा होणाऱ्या संस्थांना हा कायदा लागू होतो. १० रु.चा कोर्ट फी स्टॅम्प, जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज, ३० दिवसांत उत्तर. नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील त्याच संस्थेतल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे, मग ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यात बसवा.

अर्ज फसतो तो 'का' या शब्दामुळे. "गॅदरिंगवर एवढा खर्च का केला?" याला उत्तर येतं, "प्रश्नार्थक माहिती देता येत नाही". कायद्याने कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. म्हणून असं लिहा: "अमुक शैक्षणिक वर्षातील स्नेहसंमेलनाच्या खर्चाची व्हाउचरे, दरपत्रके, तुलनात्मक तक्ता आणि मंजुरीच्या ठरावाच्या साक्षांकित प्रती द्याव्यात." किती पानं होतील याचा अंदाज नसेल तर आधी अभिलेख पाहण्याची परवानगी मागा. पाहा, हवी ती पानं निवडा, तेवढ्याच्याच प्रती घ्या.

विनाअनुदानित कॉलेजात हा रस्ता थेट चालेलच असं नाही. तिथे विद्यापीठाकडे अर्ज करून कॉलेजने त्यांच्याकडे दिलेली माहिती मागता येते.

रानजाई
अर्ज न करता मिळणारी एक गोष्ट सांगते. नॅक, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय परिषद, तिचं मूल्यांकन असलेल्या कॉलेजला वार्षिक गुणवत्ता अहवाल संकेतस्थळावर टाकावा लागतो. त्यातला पाचवा निकष विद्यार्थ्यांबद्दल आहे आणि ५.३ मध्ये विद्यार्थी सहभाग येतो. तिथे कॉलेजने स्वतःच लिहिलेलं असतं की विद्यार्थी अमुक समित्यांवर आहेत, परिषद सक्रिय आहे. तो उतारा छापून घ्या आणि त्या समित्यांची इतिवृत्तं मागा. कागदावर समिती आहे आणि समितीवरच्या मुलाला पत्ताच नाही, हे तिथेच उघडं पडतं.

भोपळेराव
आपण समितीवर आहोत हे त्या अहवालात वाचून कळलेली मुलं असतील, अगदी पैज.

निंबोणी
परिषदेने काय हातात घेऊ नये हेही लिहून ठेवू. लैंगिक छळाची तक्रार तक्रारपेटीत आली तर ती बैठकीत वाचायची नाही, इतिवृत्तात नाव तर अजिबात नाही. ती अंतर्गत समितीकडे जाते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५च्या विनियमांनुसार प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर त्या समितीत तीन विद्यार्थी असतात, तेही निवडून आलेले. किती कॉलेजांत ती निवड होते ते विचारा म्हणजे शांतता पसरेल.

बाकी तक्रारींसाठी यूजीसीच्या २०२३च्या विनियमांतली विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. तक्रार आल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल, आणि समाधान झालं नाही तर विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे अपील.

तक्रारपेटीला दोन कुलपं लावा, एक किल्ली परिषदेकडे, एक शिक्षकाकडे. ठरलेल्या वारी दोघांसमोर उघडायची. चिठ्ठीला क्रमांक द्यायचा आणि फलकावर "क्र. १४: स्वच्छतागृहातील दिवा, बदलला, अमुक तारीख" असं लावायचं. उत्तर दिसलं नाही की पेटीत महिनाभरात चॉकलेटचे कागद पडायला लागतात.

सुतळी
मतदानाचं बोला. गूगल फॉर्म पाठवायचा, संध्याकाळी निकाल. कागद कशाला जाळायचा?

अंशछेद
कारण गूगल फॉर्ममध्ये गुप्तता किंवा एकाला एकच मत, या दोन्हींपैकी एक जातं. ईमेल गोळा करायचा पर्याय चालू ठेवला तर ज्याच्याकडे फॉर्म आहे त्याला कोणी कोणाला मत दिलं ते दिसतं. बंद ठेवला तर एक जण वेगवेगळ्या खात्यांतून अनेक मतं टाकू शकतो. वर्गाच्या सहलीचं ठिकाण ठरवायला चालेल, प्रतिनिधी निवडायला नाही.

कागदी मतदानात हिशोब जुळवता येतो. छापलेल्या मतपत्रिका = दिलेल्या + न वापरलेल्या + खराब म्हणून परत आलेल्या. पेटीतल्या मतपत्रिका दिलेल्यांपेक्षा एकानेही जास्त असल्या तर मोजणी थांबवायची. अनुक्रमांक फक्त स्थळप्रतीवर, मतपत्रिकेवर नाही, नाहीतर गुप्तता गेली. बाद मत कशाला म्हणायचं ते मोजणीच्या आधी नमुन्यासह दाखवायचं, कारण तीन मतांच्या फरकावर सगळी भांडणं बाद मतांवरून होतात. समान मतं पडली तर चिठ्ठी, तीही दोन्ही उमेदवारांसमोर. आणि निकालाच्या कागदावर विजयी उमेदवाराचं नाव एवढंच नको, प्रत्येकाची मतं, बाद मतं, एकूण मतदार आणि मतदानाची टक्केवारी हवी.

दिल्लीच्या जेएनयूमध्ये (जवाहरलाल नेहरू विद्यापीठात) निवडणूक आयोगसुद्धा विद्यार्थ्यांचाच असतो आणि अध्यक्षपदाच्या उमेदवारांची जाहीर वादसभा होते. तेवढं मोठं नको, पण मतदानाच्या दोन दिवस आधी प्रत्येकी पाच मिनिटं आणि चिठ्ठीवरचे प्रश्न, एवढं कुठेही जमतं. बिनविरोध निवड असली तरी ठेवा. उलट तेव्हा जास्त गरज.

गोमू
मूळ तिसरा प्रश्न राहिला. मुलं येत नाहीत. सर्वसाधारण सभा ठेवली की पहिल्या दोन रांगा, त्याही ज्यांना सरांनी बसवलंय अशा. गणपूर्ती २५ टक्के लिहून ठेवलीय, म्हणजे ४५० मुलं. सभागृहच तेवढं नाही.

भोपळेराव
मग आपली सहकारी गृहनिर्माण पद्धत. "गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब. अर्ध्या तासाने तीच माणसं, तोच चहा, सभा सुरू."

कारकून
हसण्यावारी नेऊ नका, ती पद्धत चांगली आहे. तहकूब सभेत फक्त आधीच्या विषयपत्रिकेवरचेच विषय घेता येतील, नवा एकही नाही, हे पथ्य मात्र पाळा. आणि गणपूर्ती परवडेल एवढी ठेवा. ५ टक्के, म्हणजे ९० मुलं. न गाठता येणाऱ्या गणपूर्तीचा फायदा ज्यांना सभा नकोच आहे त्यांना होतो.

रानजाई
वेळ बघा आधी. दुपारी तीनची सभा म्हणजे विज्ञानाची मुलं प्रात्यक्षिकात, सकाळच्या सत्राची घरी, आणि लांबून येणारी एसटी गाठायला निघालेली. उरतात हॉस्टेलवाले. मग "मुलांचं मत" म्हणून हॉस्टेलवाल्यांचं मत नोंदवलं जातं. तीच सभा दोनदा घ्या, दोन्ही सत्रांच्या मधल्या सुट्टीत, पंचवीस मिनिटं. विषय तीनच, त्यातला एक तरी मतदानाचा.

वर्ग प्रतिनिधीला बैठकीआधी तासाची शेवटची दहा मिनिटं मिळवून द्या. त्याने दोन प्रश्न विचारायचे, हात मोजायचे आणि आकडे घेऊन यायचं. "आमच्या वर्गाला असं वाटतं" याच्या जागी "६४ हजर, ४१ बाजूने". इतिवृत्तात तो आकडा गेला की पुढच्या वेळी वर्ग विचारतो, आमच्या ४१चं काय झालं?

सगळ्यात परिणामकारक म्हणजे पैशाचा एक तुकडा खरोखर मुलांच्या हातात देणं. कारकूनांच्या ३,६०,००० पैकी दहावा हिस्सा, ३६,०००. प्रस्ताव एका पानाचा, कमाल १२,०००. ऑफिसने आधी तपासायचं की हे करता येतं का, परवानगी लागते का. मग यादी छापून मतदान, एकाने हवे तेवढे प्रस्ताव निवडावेत. यात दोन गोष्टी बिघडतात. एक, मोठी शाखा संख्येवर सगळं घेऊन जाते. म्हणून एका शाखेचा एकच प्रस्ताव विजयी. दुसरी, वस्तू येते पण तिचा पुढचा खर्च कोणी धरलेला नसतो. पाणी शुद्ध करणारं यंत्र बसतं, वर्षाने फिल्टर बदलायला पैसे नाहीत, यंत्रावर "बंद आहे" चिकटतं. म्हणून प्रस्तावात तीन वर्षांचा देखभाल खर्च मागा.

निंबोणी
हे मात्र आवडलं. निवडणुकीशिवायही करता येतं म्हणून जास्तच.

सुतळी
मान्य, फलक महत्त्वाचा. फक्त खाली क्यूआर कोड लावा, म्हणजे फोटो काढायला मान वाकडी करावी लागणार नाही.

अंशछेद
एक राहिलंच: हस्तांतर. जुन्या परिषदेने नव्या परिषदेला काय दिलं याची यादी, दोघांच्या सह्या, तीही फलकावर. किर्द, व्हाउचर फाइल, पावतीपुस्तकं, इतिवृत्त वही, जडवस्तू नोंदवही, खात्यांचे पासवर्ड, आणि न भागवलेली देणी. शेवटचं नसलं की ऑगस्टमध्ये मंडपवाला जुनं बिल घेऊन येतो आणि नवी परिषद पहिल्याच महिन्यात तोट्यात.

तिसरा बाक
सगळ्यांचे आभार. सगळं एकदम होणार नाही. पहिला कागद म्हणून हे लावायचं ठरवतोय, बघा:

"विद्यार्थी परिषदेची बैठक. विषय: १. मागील इतिवृत्त कायम करणे. २. मागील ठरावांवरील कार्यवाही. ३. फी शीर्षनिहाय जमा, वर्ग व शिल्लक रकमेचा तक्ता सादर करणे. ४. प्रलंबित अग्रिमांची यादी. ५. निधीच्या दहाव्या हिश्श्यासाठी प्रस्ताव मागवण्याचे वेळापत्रक. ऐनवेळच्या विषयांत खर्चास मंजुरी दिली जाणार नाही. बैठक सर्व विद्यार्थ्यांना पाहण्यास खुली आहे."

कारकून
चौथा विषय तिसऱ्याच्या आधी घ्या. अग्रिम कळल्याशिवाय शिल्लक खरी कळत नाही. आणि मजकुरात तारीख, वेळ, खोली क्रमांक नाही. जावक क्रमांकही टाका, नाहीतर ही नोटीस लागलीच नव्हती म्हणतील.

भोपळेराव
आणि किल्लीसाठी मामांना आजच गाठा. उद्यापासून ते रजेवर.